पोंग्यातली अळी आणि बिलाविना घेतलेल्या सहा बाटल्या

यंदाच्या खरिपात कन्नड तालुक्यातील आमच्या तीन एकर मक्याचे जे नुकसान झाले, त्यात लष्करी अळीइतकाच वाटा मी विश्वासाने विकत घेतलेल्या सहा बाटल्यांचा आहे. तोच विक्रेता किंवा त्याच्यासारखा दुसरा कोणी पुढच्या हंगामात आपल्या बांधावर येऊ शकतो, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

पीक अठरा दिवसांचे असताना पानांवर पांढरट, कागदासारखे चट्टे दिसू लागले. पोंगा, म्हणजे मक्याच्या मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, उकलून पाहिला, तर आत लाकडाच्या भुशासारखी विष्ठा आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके असलेली अळी होती. कीड ओळखण्यात माझी चूक झाली नव्हती. चूक पुढे झाली. त्याच आठवड्यात गावात गाडी घेऊन आलेल्या एका विक्रेत्याने सांगितले की, ही अळी परदेशातून आलेली असल्यामुळे दुकानातल्या औषधांना दाद देत नाही, आणि तिच्यावर त्याच्याकडचे जैविक औषधच चालते. ही कीड २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात आढळली, हे खरेच आहे. त्यामुळे त्याचे पुढचे बोलणेही मला खरे वाटले.

त्याने माझ्याच शेतातली अळी काढून तळहातावर घेतली आणि तिच्यावर बाटलीतले चार थेंब टाकले. काही मिनिटांत अळी निपचित पडली. बघणाऱ्या आम्हा पाच-सहा जणांपैकी कोणालाही सुचले नाही की, साबणाचे किंवा तेलाचे दाट द्रावण थेट अंगावर पडले, तरी अळीची श्वसनरंध्रे बुजून ती मरते. पंपातल्या पाण्यात मिसळल्यावर त्या द्रावणात काय उरते, हा प्रश्न विचारायला हवा होता. ८५० रुपयांप्रमाणे सहा बाटल्यांचे ५,१०० रुपये मी रोख दिले. बिल मागितल्यावर त्याने दुसऱ्या फवारणीच्या वेळी देतो, असे सांगितले.

सर्वांत घातक ठरली ती त्याची अट: दोन फवारण्यांमध्ये आठ दिवसांचे अंतर ठेवायचे आणि त्या काळात कोणतेही रासायनिक औषध वापरायचे नाही, नाहीतर औषधातले जिवाणू मरतील. ते आठ दिवस अळीला मिळाले. ती लहान असताना इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के दाणेदार औषध १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम या प्रमाणात थेट पोंग्यात फवारले असते, तर बरेच पीक वाचले असते. अळी मोठी होऊन पोंग्यात खोल शिरल्यावर आणि पोंग्याच्या तोंडावर विष्ठेचा बोळा बसल्यावर औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. दुसरी फवारणी दोन एकरांवर झाली आणि पाऊस लागला. त्यानंतर चार-पाच दिवसांत अळ्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा मी समाधानाने शेजाऱ्यांनाही त्या औषधाचे नाव सांगितले, याची खंत मला आजही आहे. वाढ पूर्ण झालेल्या अळ्या कोषात जाण्यासाठी जमिनीत उतरल्या होत्या. पुढे पतंग निघाले आणि कोवळ्या पानांवर पुन्हा अंडीपुंज दिसू लागले.

कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी बाटली हातात घेताच लेबल वाचायला सांगितले. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार विकल्या जाणाऱ्या औषधावर नोंदणी क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असावा लागतो. माझ्या बाटलीवर यांपैकी फक्त तारखा होत्या. समोर अळीचे मोठे चित्र होते, आणि मागे अगदी बारीक अक्षरांत ‘पीक वाढ उत्तेजक’ असे छापले होते. म्हणजे लिखित स्वरूपात ते कीटकनाशक असल्याचा दावाच कोणी केलेला नव्हता; तो सारा दावा तोंडी होता. शिवाय २०२१ पासून अशी जैव उत्तेजकेही खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत, त्यामुळे तीही कोणाला वाटेल तशी गाडीवरून विकता येत नाहीत.

गेल्या वर्षी एकरी २४ क्विंटल मका झाला होता. यंदा १५ झाला. तक्रार देताना पहिला प्रश्न बिलाचा आला आणि माझ्याकडे ते नव्हते. विक्रेत्याचा फोन बंद आहे. तिसऱ्या एकरासाठी ठेवलेली एक बाटली सील न फोडता राहिली होती. अर्ज देताना ती मी गुणनियंत्रण निरीक्षकांना दाखवली आहे. गावातील आणखी कोणाकडे अशी न उघडलेली बाटली असेल, तर ती फेकून न देता तालुका कृषी कार्यालयात घेऊन यावी, अशी माझी विनंती आहे.