पॅटागोनियाच्या वाऱ्यात दोन माणसांचा तंबू: चार महिन्यांच्या वापरानंतर

वापर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात; चिलीतलं तोरेस देल पाइने उद्यान आणि अर्जेंटिनातलं एल चाल्तेन गाव. तंबू दोन थरांचा, ॲल्युमिनियमच्या काठ्यांचा. कापडाने कुठेच दगा दिला नाही. सतावलं ते काठ्यांनी, खुंट्यांनी आणि चेननी.

इथे पश्चिमेचा वारा समुद्रावरून थेट येतो आणि ऐन उन्हाळ्यातच जास्त पिसाळतो. म्हणून तंबूची अरुंद बाजू पश्चिमेला. आधी वाऱ्याकडचे दोन कोपरे ठोका, मगच काठ्या घाला. उलटं केलंत तर हातात तंबू नाही, शीड उरतं. काठी मोडते ती बहुधा सांध्याशी. घाईत एक तुकडा दुसऱ्यात पुरता बसलेला नसतो आणि वाकल्यावर नळीचं तोंड फाटतं. दुरुस्तीची नळी त्यावर सरकवून दोन्ही टोकांना डक्ट टेप गुंडाळली की काम भागतं. सह्याद्रीत चालून जाणाऱ्या फायबरग्लासच्या काठ्या इथे आणूच नका.

सोबत मिळालेल्या तारेच्या बारीक खुंट्या पहिल्याच आठवड्यात वाकल्या. २० सेंटिमीटरच्या, तीन धारांच्या घ्या आणि वर दगड ठेवा. तोरेसमधल्या चिलेनो आणि फ्रान्सेस या कॅम्पांवर तंबू लाकडी फलाटावर लागतो, तिथे खुंटी ठोकायची सोय नाही: दोरीला बांधलेली खुंटी फळ्यांच्या फटीतून खाली सोडायची आणि आडवी करून ताणायची. यासाठी २ मिलिमीटरची दहा मीटर जादा दोरी हवीच. एल चाल्तेनजवळच्या पोइन्सेनो कॅम्पवर लेंगा नावाच्या झाडांचा आडोसा मिळतो, पण वाळक्या फांदीखाली तंबू नको.

आतला थर जाळीचा, ही या तंबूची खरी चूक. धूळ बाहेरच्या कापडाखालून उडून थेट झोपायच्या पिशवीवर येते. तीच चेनमध्ये अडकते. रनर सैल होतो आणि मागचे दात उघडे पडतात. रोज जुन्या टूथब्रशने दात झाडा. तरीही उघडत असेल तर पकडीने रनर दोन्ही बाजूंनी किंचित दाबा. जोर जास्त झाला तर तुटतो. ओलं नायलॉन सैल पडतं, त्यामुळे झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात.

खाणं तंबूत ठेवू नका. तोरेसच्या कॅम्पांवर उंदीर कापड कुरतडून आत येतात, आणि ते भोक वाऱ्याने वाढत जातं. चूलही तंबूत नको: या उद्यानात उघड्यावर आग पेटवायला बंदी आहे, गॅस फक्त ठरलेल्या जागीच पेटवता येतो.

घ्यायचाच असेल तर आतला थर कापडी असलेला घ्या. वजन थोडं वाढेल. खुंट्या वेगळ्या आणि दुरुस्तीच्या नळ्या एकीऐवजी दोन.