सादळलेलं ब्रेक ऑइल: दरवर्षी डॉट ३ की दोन वर्षांनी डॉट ४?

पावसाळ्यात आमच्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड सादळतात. गाडीतलं ब्रेक ऑइलही असंच सादळतं, फक्त ते दिसत नाही. टाकीच्या झाकणातून, ब्रेकच्या रबरी नळ्यांतून हवेतली ओल हळूहळू आत मुरत राहते. आमचं घर रत्नागिरीला खाडीजवळ आहे आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. त्यामुळे ब्रेक ऑइल बदलायचं की नाही हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. प्रश्न होता तो कोणतं घालायचं आणि किती दिवसांनी बदलायचं, हा. माझ्या गाडीत ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ आणि डॉट ४ (हे ब्रेक ऑइलचे दर्जे) दोन्ही चालेल असं लिहिलंय. तुमच्या झाकणावर फक्त डॉट ४ असेल तर तेच घाला, मग निवडीचा प्रश्नच उरत नाही.

मी चार वर्षं दरवर्षी डॉट ३ बदललं. त्यानंतर डॉट ४ वर आलो, ते दर दोन वर्षांनी बदलतो.

आधी डॉट ३ ची बाजू मांडतो, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, नवं डॉट ४ २३० ला. पण ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. म्हणजे ओल शिरल्यावर दोघांतला फरक २५ वरून १५ अंशांवर येतो आणि मुरलेल्या डॉट ४ पेक्षा ताजं डॉट ३ कितीतरी बरं ठरतं. घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं, तर नळीत वाफ धरते. वाफ दाबली जाते, दाब चाकापर्यंत पोचत नाही, पेडल सरळ खाली जातं. हे टाळायला दरवर्षी ताजं ऑइल, हा हिशेब मला पटला होता. पेडलही चारही वर्षं घट्ट लागायचं. शिवाय त्या निमित्तानं दरवर्षी चाकं निघायची आणि ब्रेकचे पॅड किती उरलेत ते कळायचं.

मला नडला तो निपल.

ऑइल बदलताना नळ्यांतली एअर, म्हणजे हवा, काढायची तर प्रत्येक चाकाच्या ब्रेकवरचा निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, सोडवावा लागतो. एक जण पेडल मारतो, दुसरा निपल उघडतो आणि बंद करतो, असं चारही चाकांना. देशावर यात काही अडचण येत नसेल, पण आमच्या खाऱ्या हवेत निपलचे आटे गंजून धरतात. तिसऱ्या वर्षी मागच्या डाव्या चाकाच्या निपलचं डोकं पान्याखाली गोल झालं. चौथ्या वर्षी मेकॅनिक म्हणाला, "दादा, हा काय सुटायचा नाय." गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला. सकाळी रिंग पाना लावून जरा जोर दिला, तर निपल अर्ध्यातच तुटला. मागे ड्रम ब्रेक, त्यामुळे अख्खा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबानं चाकाचा ब्रेक लावणारा भाग) बदलावा लागला. तो दोन दिवस मिळाला नाही. आईला तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचं होतं आणि गाडी जॅकवर उभी! साध्या देखभालीच्या कामानं चांगला ब्रेक मोडून ठेवला, याचं मला फार वाईट वाटलं.

काही जण म्हणतील की दरवर्षी सोडवलेला निपल उलट कमी धरतो. तसं असेलही. माझ्याकडे मोजमाप नाही, माझा अनुभव एका गाडीचा आणि एका मेकॅनिकच्या हाताचा आहे. पण डॉट ४ वर आल्यापासून निपल निम्म्या वेळाच उघडतात आणि त्यानंतर एकही तुटलेला नाही. मेकॅनिकच्या सांगण्यावरून प्रत्येक निपलच्या तोंडाशी थोडं ग्रीस लावून वर रबरी टोपी बसवतो. ही टोपी बऱ्याच गाड्यांवर हरवलेली असते. आज जाऊन तुमची बघाच.

दोन वर्षांच्या शेवटी डॉट ४ चं पेडल कसं लागतं, ही माझी खरी धास्ती होती. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन निघालो, परत येताना आंबा घाट उतरून साखरप्याला आलो. दुसऱ्या गिअरवर आलो हे खरं, पण पेडल पहिल्या वळणाला होतं तसंच शेवटच्या वळणालाही होतं. डॉट ४ चा डबा थोडा महाग पडतो, पण मजुरी एका वर्षाआड वाचते.

रोजच घाट चढउतार असेल किंवा गाडी कायम भरलेली असेल, तर डॉट ४ सुद्धा दरवर्षी बदललेलं बरं असं मला वाटतं. डॉट ५ च्या वाटेला मात्र जाऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, या दोन्हींत मिसळत नाही. आणि टाकीतली पातळी उतरली म्हणून नुसतं वरून ओतू नका. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, नाहीतर कुठेतरी गळतंय. आधी ते बघा.

मी खंडेनवमीच्या आधी, पाऊस ओसरल्यावर हे काम करून घेतो. सीलबंद डबा स्वतः नेतो आणि समोर फोडायला लावतो, कारण गॅरेजच्या फळीवरचा उघडा डबा श्रावणापासून तिथेच असू शकतो. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओततो, नाहीतर रंग सुटतो. डब्यात उरलेलं घरी आणत नाही.