सायक्लोस्पोरिनचे थेंब, दहा महिने: आमचा अनुभव

मुलगा आठ वर्षांचा, डोळ्यांच्या हट्टी ॲलर्जीसाठी हे थेंब घेतोय. आम्ही देवगडचे, त्यामुळे डोळे लाल झाले की सगळे आधी मोहोरावर खापर फोडतात. आम्हीही फोडलं. सासूबाई म्हणाल्या, "झिलाक कोणाची तरी दृष्ट लागली हा." त्याला उन्हात डोळे उघडता येईनात, सकाळी पापण्या चिकटलेल्या, आणि स्राव तर सुतासारखा ओढला जायचा. दिवसभर चोळणं चालूच.

मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय एक बाटली दिली. तिसऱ्या दिवशी डोळे पांढरेशुभ्र! पुढचे चार महिने लाली आली की तीच बाटली, आणि मी खूश. त्यात स्टेरॉइड होतं, हे मला रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. डोळ्याचं प्रेशर 28 निघालं. साधारण 21 पर्यंत ठीक मानतात. स्टेरॉइड बरेच दिवस घातलं तर काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

डॉक्टरांनी पापणी उलटून दाखवली. आतून दगडगोट्यांच्या फरसबंदीसारखे उंचवटे. आजाराचं नाव व्हर्नल, म्हणजे वसंतातला. पण आपल्याकडे तो ऋतू पाहून येत-जात नाही, बारा महिनेही राहतो. मुलग्यांत जास्त दिसतो आणि बहुतेकांचा वयात येताना ओसरतो. ते उंचवटे बुबुळावर घासून जखम होऊ शकते, आणि सतत चोळल्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं. म्हणजे "चोळू नको" हे नुसतं दटावणं नव्हतं. ॲलर्जीची टेस्ट करून घ्या असं मीच म्हटलं. ते म्हणाले, या आजारात कित्येक मुलांची टेस्ट कोरी येते, बिचाऱ्या मोहोराला सोडा.

स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद केलं, प्रेशरचे थेंब काही आठवडे दिले आणि सायक्लोस्पोरिन 0.1 टक्के सुरू झालं, दिवसातून चार वेळा. हे स्टेरॉइड नाही, शरीराची प्रतिकारशक्ती उगाच भडकते ती शांत करणारं औषध. नाव वाचून नवरा घाबरला, कारण किडनी बदललेल्यांना हेच औषध पोटातून देतात. थेंबातून रक्तात जवळपास काही जात नाही, असं समजावल्यावर तो शांत झाला.

आता खरं सांगते. पहिला महिना वैतागाचा. थेंब चरचरतो, पोरगा पळतो, मी त्याला पडवीत गाठायचे आणि चुलत भाऊ हसायचे. आणि फरक शून्य. स्टेरॉइडची तीन दिवसांची सवय लागलेल्या माणसाला हे औषध फसवणूक वाटतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात सकाळचा चिकटपणा गेला, मग उजेडाचा त्रास कमी झाला. लाली मात्र शेवटी गेली. मी रोज लालीच बघत बसले, म्हणून निराश होत राहिले. दुपारचा थेंब शाळेत चुकायचा, शेवटी बाईंना विनंती केली.

पावसाळा बराच सुसह्य गेला. दिवाळीत डावा डोळा पुन्हा पेटला, तेव्हा रात्री टॅक्रोलिमसचं (तेही याच जातीचं, स्टेरॉइड नसलेलं औषध) मलम दिलं, 0.03 टक्के. ते मला आवडलं, एकदाच लावायचं आणि झोपायचं. पापण्या तेलकट होतात, उशीचे अभ्रे खराब होतात, एवढंच. दोन्ही औषधं स्वस्त नाहीत, आणि बाटली उघडली की महिन्याने उरलेली टाकून द्यावी लागते, ते जीवावर येतं.

दोन थेंबांत पाच मिनिटं सोडते, मलम सगळ्यांत शेवटी. डॉक्टरांना विचारून कृत्रिम अश्रूंचे थेंब फ्रिजमध्ये ठेवते, गार थेंबाने खाज लगेच बसते. उन्हात टोपी आणि काळा चष्मा. बागेत फवारणी असली की त्याला घरात ठेवतो.

आज कलमं पुन्हा मोहोरली आहेत. थेंब चारावरून दोनावर आलेत, मलम बंद आहे, प्रेशर गेल्या वेळी 16. डावी पापणी अजून आतून खडबडीतच आहे. पुढची तपासणी शिमग्यानंतर, कारण पालखी सोडून रत्नागिरीला यायला पोरगा तयार नाही.