मुरारच्या वकीलसाहेबांकडे बाबांची डिसॅबिलिटी पेन्शन, आमचा अनुभव

ग्वाल्हेरला मुरारमध्ये दुसऱ्या मजल्यावर हे ऑफिस आहे, फक्त फौजी लोकांच्या पेन्शनच्या केसेस घेतात. लिफ्ट नाही, गुडघे दुखत असतील तर आधी फोन करा, मुन्शी खाली येऊन फाइल घेऊन जातो.

बाबा हवालदार, २४ वर्षं नोकरी करून २०१६ ला घरी आले. घरी सोडताना तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने बीपीमुळे ३० टक्के अपंगत्व, आयुष्यभरासाठी, असं लिहिलं आणि पुढे 'नाना', म्हणजे आजार नोकरीमुळे झालेलाही नाही आणि वाढलेलाही नाही, का तर पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठिकाणी, असताना निघाला. सर्व्हिस पेन्शन सुरू झाली पण डिसॅबिलिटीची एक पै नाही. पहिली अपील आम्हीच टाकली, नामंजूर. दुसरीला एका एजंटने पैसे घेतले आणि तोच मजकूर परत टाइप करून दिला, तीही गेली.

इथे वकीलसाहेबांनी फीचं नाव काढायच्या आधी अख्खी फाइल वाचली आणि एवढंच विचारलं, "काका, भरतीच्या मेडिकलचा कागद कुठाय?" आमच्याकडे नव्हता, त्यांनी आरटीआय लावून रेकॉर्ड ऑफिसकडून मागवला. आजाराच्या रकान्यात काहीच नाही, पूर्ण फिट. त्या रिकाम्या जागेभोवती पेन्सिलने गोल करून म्हणाले, तुमची केस ही एवढीच. सुप्रीम कोर्टाने २०१३ लाच धर्मवीर सिंहच्या केसमध्ये सांगितलंय की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर आजार नोकरीमुळेच लागला असं धरायचं, नाही म्हणायचं तर बोर्डाने कारण लिहायचं, सिद्ध करायचं ओझं जवानावर नाही. आणि बाबा इतकी वर्षं स्वतःच पुरावा गोळा करत होते हो, सियाचीनच्या पोस्टिंगचे फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले होते. वकीलसाहेबांचं ऐकून बाबा गप्पच बसले.

मग जबलपूरच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये केस टाकली, तारखा खूप पडल्या पण निकाल आमच्या बाजूने लागला, सुप्रीम कोर्टाच्या राम अवतार केसमधल्या २०१४ च्या निकालाप्रमाणे पेन्शनसाठी अपंगत्व ३० चं ५० टक्केही धरलं गेलं. एरिअर्स, म्हणजे मागची थकबाकी, मात्र केस टाकायच्या आधीच्या ३ वर्षांचेच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यामुळे ज्यांचं राहिलंय त्यांनी खरंच बसून राहू नका.

एक तक्रार आहे, निकालानंतर स्पर्शवर (फौजी पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) नवीन पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, येईपर्यंत ऑफिसमधून कुणी फोन उचलेना, दोनदा जाऊन बसावं लागलं.

जाताना डिस्चार्ज बुक, बोर्डाची सगळी पानं आणि नामंजुरीची पत्रं पाकिटासकट न्या, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघतात.