कॅल्शियम वाढलेल्या आईला कॅल्शियमच विकलं, साडेअडतीस हजारांना

पतपेढीत बावीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासतोय मी, आणि फोनवरच्या एका 'डॉक्टर मॅडम'ला 38,500 रुपये देऊन बसलो. आधी 12,500, मग 14,000, मग 12,000. लाज वाटते, तरी लिहितोय.

आई 63 वर्षांची. वर्षभर रडायची, रात्र रात्र जागी, सुनेवर संशय, गॅसवर दूध ठेवून विसरायची. काकू म्हणाल्या, बाहेरचं आहे. मानसोपचाराच्या गोळ्यांनी फरक पडेना. अशा वेळी तुम्हीही कशालाही हात घातला असता. मॅडमचा 'मेंदू-नसा कोर्स', तीन महिने, गॅरंटी. (गॅरंटी शब्द ऐकला की फोन ठेवा.)

डोळे उघडायला हवे होते ते दुसऱ्या हप्त्याला. मॅडमनी जुने रिपोर्ट मागितले. मुतखड्याच्या फाईलमधला कागद मी व्हॉट्सॲपवर पाठवला. कॅल्शियम 11.8, शेजारी ठळक 'एच', म्हणजे हाय, जास्त. दोन मिनिटांत उत्तर: "छान, हाडं मजबूत आहेत. हप्ता आजच भरा." समोर त्यांच्याच कोर्सचा डबा उघडा होता, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी3. माझा चष्मा कपाळावर. भरला हप्ता!

तिसरा हप्ता गेला आणि आठवड्याभरात आईने मला ओळखलं नाही. दवाखान्यात कॅल्शियम 14.1, रात्रभर सलाईन. पीटीएच, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं हार्मोन, 65च्या आत हवं, ते 290. ते बनवणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी गळ्यात थायरॉईडमागे असतात, त्यातली एक वाढली होती. रडणं, विसरणं, मुतखडा, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सगळं त्या ग्रंथीमुळेच. ऑपरेशनने काढली. कॅल्शियम 10.5च्या वर दिसलं तर पीटीएच करा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागा. आणि त्या आधी कॅल्शियम-डीच्या गोळ्या मनाने देऊ नका.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" मग अन्न-औषध प्रशासनाची सरकारी कचेरी. औषधवाले म्हणाले, लेबलवर फूड सप्लिमेंट आहे, अन्नवाल्यांकडे जा. अन्नवाले म्हणाले, मेंदूचा आजार बरा करतो म्हणतात, म्हणजे औषध. एकाच इमारतीत, चार जिने, तीन रजा. मेंदूच्या आजारावर अशी जाहिरातच करता येत नाही, 1954चा कायदा आहे, हे मीच त्यांना सांगायचं! तक्रारीची पोच तेवढी मिळाली, तीही मागून. डबे फेकू नका, चॅट पुसू नका, ग्राहक आयोगात तेच लागतं. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही.

आईचं कॅल्शियम आता 9.3. विसरणं गेलंय. रोज संध्याकाळी चहा ठेवताना विचारते, "त्या साडेअडतीस हजारांचं काय झालं रे?"