एक शून्य जास्त पडला

अमळनेरला बसून स्पॅनिश शिकवते म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, शिकतं कोण? शिकतात. नववी-दहावीची पाच-सहा पोरं आहेत, धुळ्याची, जळगावची, एक शिरपूरची. पुण्यात शिकून मी घरी परतले आणि ऑनलाइन तास सुरू केले. मुलांकडून ‘डेले’ची तयारी करून घेते. स्पेनच्या इन्स्तितूतो सेर्व्हान्तेसची ही परीक्षा, दिल्लीत त्यांचं केंद्र आहे. मी फसले ती याच शिकवणीच्या नावावर. गणिताच्या किंवा तबल्याच्या शिकवणीलाही असाच फोन येऊ शकतो, म्हणून लाज बाजूला ठेवून सगळं लिहितेय.

शिकवण्यांच्या एका साइटवर माझा नंबर होता. रविवारी दुपारी फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता. फौजेत आहे, पोस्टिंग लेहला, मुलगा नववीत. “उसको बी-टू करवा दीजिए, दो महीने में.” भाषेच्या पातळ्यांत ए-वन ही पहिली पायरी, मग ए-टू, बी-वन, आणि बी-टू चौथी.

माझं शहाणपण इथेच जागं व्हायला हवं होतं. 11 ते 17 वयाच्या शाळकरी मुलांसाठी जी डेले आहे, तिच्यात दोनच पेपर असतात: एक ए-वनचा, दुसरा ए-टू/बी-वन असा एकत्र. बी-टू त्यात नाहीच. आणि ‘ओला’ म्हणजे नमस्कार हेही ठाऊक नसलेल्या पोराचं दोन महिन्यांत ए-वन जरी नीट झालं तरी मी पेढे वाटेन.

पण मला वाटलं, बापाला माहीत नसेल. मी समजावत बसले. वाचन-लेखन हा एक गट, ऐकणं-बोलणं हा दुसरा. दोन्हींत 50 पैकी 30 लागतात. एकात 45 आणि दुसऱ्यात 29 पडले, तरी नापास. हे ऐकून खरा पालक दचकतो. मग विचारतो, सेंटर कुठे, दहावीला याचे मार्क धरतात का, इथून गाडी कोणती. हा म्हणाला, “हां हां मॅडम, फीस बताइए.”

मी 24 तासांचे 10,800 सांगितले. एक रुपया कमी करा म्हणाला नाही. खान्देशात जन्म गेला माझा, आणि हे मला खटकलं नाही!

मुलाशी बोलायचंय म्हटलं तर “वो स्कूल में है.” त्या दिवशी रविवार होता, हे मला रात्री सुचलं. लगेच वर्दीतला फोटो आला, ओळखपत्र आलं, कँटीनचं कार्ड आलं. ते फोटो कुणाचे होते कोण जाणे. ज्याचे असतील त्याच्याही नावाला बट्टाच.

मग मेसेज आला, खात्यात 1,08,000 जमा. पाठोपाठ फोन, आवाज घाबरा. “मॅडम, एक झीरो ज़्यादा लग गया. बीवी अस्पताल में है, 97,200 वापस कर दीजिए.” पहिल्याच तासाला मी मुलांकडून अंक घोकून घेते, ‘सेरो, उनो, दोस’. त्या सेरोनेच मला खाल्लं. स्वयंपाकघरातून आई विचारतेय, “पैसा वनात का?” आणि मी म्हणतेय, हो, जास्तच आले.

बँकेचं ॲप उघडत नव्हतं. तो फोन ठेवू देत नव्हता. इतके नाहीत माझ्याकडे म्हटलं तर “जितना है उतना भेजिए.” लॅपटॉपसाठी साठवलेले होते. आधी 20,000 पाठवले, मग 18,000. पिन मीच टाकला, दोन्ही वेळा.

ॲप उघडलं तेव्हा जमा काहीच नव्हतं. तो मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता. बँकेचे मेसेज तसे येत नाहीत, त्यांवर अक्षरांत नाव असतं. हे रोज डोळ्यांसमोर होतं, फक्त त्या दहा मिनिटांत दिसलं नाही.

रडण्यात अर्धा तास गेला. तो घालवू नका. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला, व्यवहारांचे क्रमांक दिले, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी तक्रारीचा क्रमांक घेऊन बँकेत गेले. पहिली रक्कम पुढे कुठेतरी काढली गेली होती. 18,000 अडवले गेलेत असं सांगतात. हातात अजून आलेले नाहीत. बँकेतले काका म्हणाले, “शिकलेली पोरगी तू!” उत्तर काय देणार.

साइटवरचा नंबर काढला नाही, तो काढून पोट कसं चालेल? गेल्या आठवड्यात चोपड्याहून एका बाईंचा फोन आला. मुलगी आठवीत, स्पॅनिश शिकायचंय, फी किती ताई, आणि काही कमी होईल का. मी म्हटलं, होईल, पण आधी मुलीला फोन द्या.