यूपीआय लाइट आणि एक मुकं खातं: नऊ महिने वापरून

जुलैपासून वापरतेय, आता मार्च संपत आला, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. मी बार्शीची, पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. घरून 8500 येतात. त्यातले कॉटचे 3000 आणि मेसचे 3200 एक तारखेलाच जातात, त्यात काही करता येत नाही (खाडा सलग तीन दिवसांचाच धरतात, तोही आदल्या दिवशी सांगितला तर, त्यामुळे एक दिवस आत्याकडे जेवले तर ते पैसे गेलेच). घोळ व्हायचा तो उरलेल्या 2300 मध्ये. चहा, झेरॉक्स, जर्नलच्या प्रिंटा, रात्रीची मॅगी. पहिल्या वर्षी 20 तारखेला पप्पांना फोन ठरलेला, आणि गेले कुठे विचारलं की मलाच सांगता यायचं नाही, स्टेटमेंट काढलं तर नुसत्या 10, 15, 32 च्या नोंदी, पानंच्या पानं.

तर आता असं करते. घरचे पैसे यूपीआयला जोडलेल्या खात्यात, आणि दर रविवारी त्यातले 500 यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे ॲपमधल्याच छोट्या पाकिटात, ज्यातून बारीकसारीक पैसे पिन न टाकता देता येतात. माझ्या कामाचे पैसे मात्र दुसऱ्या खात्यात, जे बारावीत स्कॉलरशिपसाठी काढलेलं झिरो बॅलन्सचं आहे आणि कुठल्याच ॲपला जोडलेलं नाही. काढायचे तर कार्ड घेऊन एटीएमपर्यंत चालत जा. रूममेट त्याला मुकं खातं म्हणते, आता मीही तेच म्हणते.

लाइटबद्दल खरं सांगायचं तर पहिला महिना वाईट गेला. पिन लागत नाही ना, त्यामुळे पैसे दिल्यासारखं वाटतच नाही, बुधवारपर्यंत 500 साफ. आणि लाइट रिकामं झालं की ॲप थांबवत नाही हो, गुपचूप पिन मागतं आणि मेन खात्यातून देतं! मी मग एवढंच ठरवलं की पिनची स्क्रीन आली की फोन खिशात. दहातल्या सात वेळा जमतं. ऑटो टॉपअप (लाइट संपत आलं की खात्यातून आपोआप भरणं) चुकूनही चालू करू नका, मग काही अर्थच उरत नाही. पासबुक मात्र स्वच्छ झालं, आठवड्याला एकच नोंद, बारीकसारीक सगळं ॲपच्या हिस्टरीत. एका वेळी 1000 आणि एकूण 5000 पर्यंत ठेवता येतात पण आपल्याला कशाला लागतंय एवढं. आणि फोन बदलायचा असेल तर आधी लाइट बंद करा, पैसे खात्यात परत येतात, मैत्रीण विसरली आणि 340 रुपयांसाठी आठवडाभर डोक्याला ताप.

आता कामाचं. कॉलेजात कमवा आणि शिकामध्ये लायब्ररीत आहे, दिवसाला जास्तीत जास्त तीन तास, ताशी 55. पूर्ण महिना भरला तर चार हजाराच्या आसपास होतात. काम झकास आहे, पुस्तकं लावायची, नोंदी करायच्या, मधे अभ्यासही होतो. पण हजेरीपत्रकावर सही, मग ते ऑफिसात, मग तिथून खात्यात, यात ऑगस्टचे पैसे ऑक्टोबर संपताना आले. वर्षभरात मला कळलं ते हेच, की माझ्याकडे पैसे कमी नव्हते, ते उशिरा येत होते, आणि मी मात्र ते आलेत असं धरून खर्च करत होते. मुक्या खात्याचा खरा फायदा इथे झाला, पैसा कधीही येऊ दे, महिना त्याच्यावर चालतच नाही.

शिवाय सातवीतल्या दोघा भावंडांची शिकवणी आहे, 2000, वेळेवर देतात, पण दिवाळीत पंधरा दिवस गावाला गेले की अर्धेच. डिसेंबरात लग्नांत स्वागताला उभी राहिले, नऊवारी त्यांचीच, चार तासांचे 600 आणि जेवण. पाय तुटतात. शेवटच्या दोन लग्नांचे 1200 अजून मिळालेले नाहीत, फोन केला की 'पुढच्या आठवड्यात बघू ताई'.

मुक्या खात्यातून परीक्षा फॉर्म, चष्मा आणि बार्शीच्या चकरा (एसटीत आम्हाला अर्धं तिकीट, 2023 पासून, त्यामुळे दोन चकरा एकात बसतात) एवढंच काढलं. आज त्यात 9400 आहेत. मे-जूनमध्ये लायब्ररी बंद, शिकवणी बंद, पण कॉटचं भाडं चालूच, नाहीतर जागा जाते. म्हणजे 6000 तिथे धरलेलेच. उरलेल्या 3400 चं अजून ठरवलं नाहीये, रूममेट म्हणते सेकंडहँड सायकल घे.